इंग्रज लॉर्डला कंपनी न विकणारा माणूस आणि २७ कोटींना गेलेली ‘पान पसंद’

फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने रावळगावचे चॉकलेट-गोळ्यांचे ब्रँड घेतले. किंमत २७ कोटी. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही सगळी नावं त्यात आली. लोकांनी लगेच बालपणीच्या आठवणी काढल्या, आणि एवढ्या कमी पैशात कसं काय विकलं म्हणून हळहळही व्यक्त केली. पण हे रावळगाव उभं करणारा माणूस कोण, हे फारसं कोणी विचारलं नाही.

तो माणूस म्हणजे वालचंद हिराचंद. २३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात जन्म. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. वालचंदना त्यात रस नव्हता. त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली आणि त्यात चांगलाच जम बसवला.

१९१९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विकत घेतलं. कंपनीचं नाव ठेवलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

खरी गंमत पुढे आहे. तेव्हा इथल्या समुद्रावर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं. त्यांनी भाडी पाडून सिंधियाची कोंडी केली आणि कंपनी विकत घ्यायची तयारीही दाखवली. धंद्याच्या हिशेबाने विकून मोकळं होणं सोपं होतं. वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकली नाही. मात्र १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात सिंधियाने किती टनांची जहाजं बाळगायची यावरही मर्यादा होती. करार जाचक होता, पण कंपनी भारतीयांच्या हातात राहिली.

१९३३ मध्ये मालेगावजवळ रावळगाव शुगर फार्म सुरू झालं. ऊस होता, साखर होती, मग १९४० च्या दशकात गोळ्याही आल्या. त्याच दशकात बंगळुरूला विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजबांधणी आणि मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स. गाड्यांसाठी मात्र त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी हात मिळवला. म्हणजे परदेशी तंत्र त्यांना वर्ज्य नव्हतं, मालकी सोडायची नव्हती. गंमत म्हणजे विमानांचा आणि जहाजांचा कारखाना परदेशी कंपनीकडे गेला नाही, सरकारकडे गेला. विमानांचा तर त्यांच्या हयातीतच, १९४२ मध्ये. ८ एप्रिल १९५३ ला वालचंद गेले.

आता चाकणजवळच्या निघोजे परिसरात बघा. २००९ मध्ये इथे जर्मन फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तालुक्यातल्या पोरांना तिथे काम हवं असतं, आणि कंपनी परदेशी आहे म्हणून कोणाचे डोळे पाणावत नाहीत. गोळीचं तसं नसतं. १९९३ मध्ये थम्स अप कोका-कोलाकडे गेलं तेव्हा लोक हळहळले. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने कॅडबरी घेतली तेव्हा ब्रिटनमध्ये थेट संताप झाला, कारण चालू ठेवू म्हणून सांगितलेला सॉमरडेलचा कारखाना क्राफ्टने ताबा मिळताच बंद करायचं जाहीर केलं.

रावळगावच्या बाबतीत विकत घेणारी कंपनी भारतीयच होती, त्यामुळे देशाबाहेर काही गेलं नाही. रिलायन्सकडे गेले ते ट्रेडमार्क आणि गोळ्यांच्या पाककृती. जमीन, इमारती आणि यंत्रं मात्र जुन्या कंपनीकडेच राहिली.