रणगाड्याखालून काढलेली वाट

शौर्य म्हटलं की बंदूक घेऊन शत्रूवर धावून जाणारा जवान डोळ्यांपुढे येतो. रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळालं ते रस्ता मोकळा करण्यासाठी!

कारवारजवळचं चेंडिया हे त्यांचं मूळ गाव, २६ जून १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई. १९४० मध्ये राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. दुसऱ्या महायुद्धात ते बर्मा आघाडीवर होते. आपलं सैन्य मागे हटत असताना दारूगोळ्याचा साठा उडवून देण्यासाठी त्यांच्या तुकडीला मागे ठेवलं गेलं. काम झालं, पण न्यायला यायची ती बोट काही आली नाही. मग जपानी गस्त चुकवत, नदी ओलांडून राणे आपल्या माणसांसह परतले.

डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांत खरी परीक्षा आली. राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात होती, तिथले नागरिक त्यांच्या तावडीत सापडले होते. उशीर परवडणारा नव्हता. पण नौशेराहून राजौरीकडे जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडं आडवी टाकून बंद केला होता. रणगाडे पुढे जाणार कसे?

८ एप्रिल १९४८. काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा आला. दोन सॅपर जागीच गेले, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत राणेही होते. तरी त्यांनी काम सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत रणगाडे त्या अडथळ्यापलीकडे गेले.

पुढचे तीन दिवस हेच चाललं. एके ठिकाणी समोरून गोळीबार इतका की उभं राहणंच अशक्य. तेव्हा राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. वर अवजड लोखंड, दोन्ही बाजूंना फिरणारे पट्टे, पुढे सुरुंग. दोर ओढून ते ड्रायव्हरला खुणा करायचे, कधी थांबायचं आणि कधी चालायचं. दोघांपैकी कुणाचाही अंदाज जरा चुकला असता, तर सगळंच संपलं असतं. पुढे पाइनची मोठमोठी झाडं आडवी होती, त्यांच्याखालीही सुरुंग. तीही उडवली. ११ एप्रिलला रणगाडे चिंगसला पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी राजौरी आपल्या हाती आली.

राणे पुढे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. कधी तिकडे गेलात तर त्यांच्यापाशी थोडं थांबा. आणि पहिल्याच दिवशी त्या रस्त्यावर गेलेल्या दोन सॅपर्सचीही आठवण काढा. राजौरीची वाट त्यांनीही मोकळी केली होती, फक्त ती पुरी झालेली बघायला ते उरले नाहीत.