राज्याचे कारभारी : बाळासाहेब खेर

यंदाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून देण्याचे काम मजकडे आले. अहल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपल्यापैकी कोणी ना कोणी दरवर्षी लिहितेच. म्हणून मी बाळ गंगाधर खेर यांना निवडले. मुख्यमंत्र्यांचे नाव रोज आपल्या कानांवर पडते. पण हे पद आले कोठून, हे त्यांच्या चरित्रातून चांगले कळते.

बाळासाहेबांचा जन्म 24 ऑगस्ट 1888 रोजी रत्नागिरीस झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकून ते वकील झाले. व्यवसायात चांगला जम बसला असतानाच ते काँग्रेसच्या चळवळीत पडले आणि 1930 पासून त्यांना तुरुंगाची वाट धरावी लागली.

1935 च्या कायद्याने प्रांतांना लोकांचे मंत्रिमंडळ मिळाले. प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत. त्याला लोक थेट निवडत नसत. लोकांनी आमदार निवडावे आणि बहुमताच्या पक्षाने आपला नेता निवडावा, ही रीत होती व आजही तीच आहे. मत मात्र सर्वांना नव्हते. जमीन, कर, शिक्षण अशा अटींमुळे बहुतेक स्त्रिया बाहेरच राहिल्या. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेस पुढे आली, पण गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून तिने आधी सत्ता नाकारली. तेव्हा धनजीशा कूपर यांनी काही महिने कारभार पाहिला. जुलैत बाळासाहेब आले. पक्षातील काहींना नरिमन हवे होते, त्यावरून बराच वाद झाला. बाळासाहेबांनी शिक्षणखाते स्वतःकडे ठेवले आणि हंसाबेन मेहता यांना संसदीय चिटणीस नेमले. काँग्रेसचे मंत्री महिना 500 रुपये पगार घेत.

1939 मध्ये हिंदुस्थानला न विचारता इंग्रज सरकारने त्याला युद्धात ओढले. नोव्हेंबरात बाळासाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुन्हा तुरुंग घडला आणि 1946 मध्ये ते परत त्याच पदावर आले.

या दुसऱ्या खेपेचे काम आपण बायकांनी विसरता कामा नये. पहिली बायको हयात असता हिंदू पुरुषाने दुसरी करू नये, असा कायदा मुंबई प्रांतात 1946 मध्ये झाला. 1947 मध्ये घटस्फोटाचा कायदा आला. देशभर हे व्हायला 1955 उजाडले. या कायद्यास कोर्टात आव्हान दिले गेले, पण 1951 मध्ये मुंबई हायकोर्टाने तो उचलून धरला. सवतीच्या धाकात किती जणींचे जन्म गेले, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. 1948 चा कूळकायदा आणि 1949 मध्ये सुरू झालेले पुणे विद्यापीठ हीदेखील याच काळातली. आदिवासींच्या सेवेची तर त्यांना मनापासून ओढ होती.

1950 मध्ये राज्यघटना आली, पंतप्रधानाचा मुख्यमंत्री झाला. 1952 मध्ये बाळासाहेबांनंतर मोरारजी देसाई, 1956 मध्ये यशवंतराव चव्हाण आले. 1 मे 1960 रोजी यशवंतरावच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. बाळासाहेबांनी पुढे लंडनला हायकमिशनर म्हणून काम केले. 8 मार्च 1957 रोजी ते पुण्यात वारले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातल्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गेली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. आज आपल्या पेठेत असे कोणी करणार नाही. ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागाही आपल्यासाठी आहेत. तरी मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर महाराष्ट्रात अजून एकही स्त्री बसलेली नाही.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. निवडून आलेल्या बहिणीने कागद वाचल्याशिवाय सही करू नये आणि सभेला घरच्या पुरुषाला न धाडता स्वतः जावे. पद सांभाळावे कसे आणि वेळ आली तर सोडावे कसे, हे दोन्ही बाळासाहेबांनी करून दाखविले आहे.