शाहू महाराज (कोल्हापूर) आणि मल्लविद्या

राजर्षी शाहू महाराज (जन्म : २६ जून १८७४, मृत्यू : ६ मे १९२२, मुंबई) हे कोल्हापूर संस्थानचे छत्रपती, समाजसुधारक व मल्लविद्येचे आश्रयदाते होते. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

खासबाग मैदान
महाराज स्वतः कुस्ती खेळत. त्यांनी तालमींना साहाय्य केले आणि उत्तरेकडील नामवंत मल्लांनाही आश्रय दिला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन कलोसियम पाहून त्यांना कोल्हापुरात भव्य आखाडा उभारण्याची प्रेरणा मिळाली. त्यातून साकारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना असल्याने हजारो प्रेक्षकांना कुस्ती विनाअडथळा दिसते.

सामाजिक महत्त्व
प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपिया येथील झ्यूसच्या उत्सवातील स्पर्धांत केवळ स्वतंत्र ग्रीक पुरुषांनाच उतरता येई. दासांना मज्जाव होता. शाहू महाराजांनी मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मल्लांनाही उत्तेजन दिले. युरोप दौऱ्यात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा आदेश प्रसिद्ध झाला. आखाड्यातील समतेमागेही हेच धोरण होते.

वारसा
कोल्हापुरात घडलेले मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.