ओनोरे दोमिए
ओनोरे दोमिए (२६ फेब्रुवारी, १८०८:मार्सेय, फ्रान्स - १० फेब्रुवारी, १८७९:वालमाँद्वा, फ्रान्स) हे फ्रेंच व्यंगचित्रकार, चित्रकार व शिल्पकार होते. त्यांची सुमारे ४,००० शिळामुद्रित चित्रे आहेत.

१८३० च्या क्रांतीनंतरच्या सनदेत वृत्तपत्रांवर पुन्हा सेन्सॉर न लादण्याचे वचन होते. शार्ल फिलिपाँ यांच्या ला कारिकात्यूर या साप्ताहिकाने ते कसाला लावले. डिसेंबर १८३१ मध्ये दोमिए यांनी गार्गांत्युआ हे चित्र काढले. त्यात शौचासनावर बसलेला राजा लुई फिलीप गरिबांचा पैसा गिळतो आणि खालून दरबाऱ्यांसाठी मानमरातब बाहेर पडतात. चित्र बीभत्स होते यात शंका नाही; पण खटला चालला तो राजाची बेअदबी आणि सरकारविषयी द्वेष व तुच्छता पसरवल्याच्या आरोपावर. सहा महिने कैद व ५०० फ्रँक दंड झाला. ऑगस्ट १८३२ मध्ये त्यांना सेंट-पेलाजी तुरुंगात टाकण्यात आले.

एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसच्या त्रान्सनोनँ रस्त्यावरील एका घरात सैनिकांनी रहिवाशांना ठार मारले. त्यावरील दोमिएंच्या चित्रात थट्टा अजिबात नाही. खाटेशेजारी पडलेला माणूस आणि त्याच्या देहाखाली मूल दिसते. त्याच्या प्रतीही जप्त झाल्या.

सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची झाली, मजकुराला नाही. सनदेने मत मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, चित्र मात्र कृती ठरते, असा सरकारचा युक्तिवाद होता. दोमिए मग ल शारिवारीतून वकील, न्यायाधीश व मध्यमवर्गाकडे वळले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. चित्रांवरील ही अट १८४८ मध्ये उठली, १८५२ मध्ये परतली आणि १८८१ च्या वृत्तपत्र कायद्याने संपली.