घड्याळांनी घडविलेला स्वीडनचा यंत्रमहर्षी

उत्तम यांत्रिक घड्याळ म्हटले, की स्वित्झर्लंडचेच नाव पुढे येते. स्वीडनचे आले तरी बहुधा नामसाधर्म्याच्या गफलतीमुळेच! वास्तविक या देशालाही घड्याळनिर्मितीची स्वतःची परंपरा आहे आणि ख्रिस्तोफर पोल्हेम हे तिच्यातील मोठे नाव. स्वीडनच्या यंत्रविद्येचे जनक मानल्या जाणाऱ्या पोल्हेम यांचे चित्र २०१७ पर्यंत तेथील ५०० क्रोनरच्या नोटेवर होते.

त्यांचा जन्म १६६१ मध्ये गोटलँड बेटावर झाला. आठव्या वर्षी पितृछत्र हरपले. आईने पुनर्विवाह केला. पण सावत्र वडील शिक्षणाचा खर्च उचलण्यास तयार नव्हते. स्टॉकहोममधील काकांनी शाळेत घातले, तेही लवकरच निवर्तले आणि बाराव्या वर्षी शाळा सुटली. पुढे वान्स्टा येथील जमीनदारीत शेतमजुरी आणि मग हिशेबनिसाचे काम करताना त्यांनी लहानशी कार्यशाळा थाटली. गणित आणि यंत्रशास्त्राचे ग्रंथ लॅटिनमध्ये होते आणि ती भाषा त्यांना येत नव्हती. तेव्हा त्यांनी एका पाद्र्याशी सौदा केला: पाद्र्याने लॅटिन शिकवायचे, मोबदल्यात त्यांनी घड्याळ बनवून द्यायचे.

उप्साला विद्यापीठाचे दारही घड्याळांनीच उघडले. खगोलशास्त्राचे प्राध्यापक आंदर्स स्पोले यांनी त्यांच्यापुढे दोन बिघडलेली घड्याळे ठेवली. ती चालू झाली आणि १६८७ मध्ये, पंचविशी गाठलेला हा शेतावरचा हिशेबनीस विद्यार्थी झाला. उप्सालाच्या कॅथेड्रलमधील मध्ययुगीन खगोलीय घड्याळ शतकाहून अधिक काळ बंद होते, तेही त्यांनी दुरुस्त केले आणि त्यांचे नाव झाले. दुर्दैवाने १७०२ च्या आगीत ते घड्याळ नष्ट झाले.

फालूनच्या तांब्याच्या खाणीत त्यांनी पाणचक्कीवर चालणारी उचलयंत्रे बसविली, युरोपचा दौरा केला. तथापि त्यांचे खरे स्वप्न स्टियर्नसुंड येथे साकारले. स्वीडन कच्चे लोखंड स्वस्तात विकतो आणि त्याचाच पक्का माल महागात विकत घेतो, ही त्यांची खंत होती. १७०० च्या सुमारास तेथे उभ्या राहिलेल्या कारखान्यात पाण्याच्या शक्तीवर कुलपे, भांडी आणि घड्याळे बनू लागली. घड्याळाच्या चक्रांचे दाते तोवर कुशल कारागीर हाताने कानशीने घासून काढीत. पोल्हेम यांनी ते कापण्याचे यंत्रच बनविले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील घड्याळ सामान्यांच्या भिंतीवर यावे, ही त्यामागील दृष्टी. विशेष म्हणजे हे सारे औद्योगिक क्रांतीच्या कितीतरी आधीचे!

यंत्रे आपली रोजी हिरावून घेतील, या भीतीने कामगारांचा मात्र विरोध होता. ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. माणसाचे श्रम यंत्राकडे सोपविणे हाच तर पोल्हेम यांचा आग्रह होता. १७३७ च्या आगीत कारखान्याचा बहुतांश भाग भस्मसात झाला. वाचला तो कुलपे आणि घड्याळे बनविणारा विभाग.

१७१६ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली, पोल्हेम हे आडनावही तेव्हाचेच. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी यंत्रांची 'मुळाक्षरे' म्हणजे लाकडी प्रतिकृती तयार केल्या. तरफ, पाचर, स्क्रू, कप्पी आणि रहाट हे त्यातील स्वर. १७५१ मध्ये स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्या प्रतिकृतींपैकी काही आज तेथील तंत्रविज्ञान संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. स्टियर्नसुंडची घड्याळे तर त्यांच्या पश्चातही बनत राहिली.