अंथरुणातून ऐकलेला माळवा

धार-देवासच्या आपल्या घरांमध्ये कुमार गंधर्व हे नाव केव्हाच चौकटीत जाऊन बसले आहे. एखाद्या कपाटात त्यांच्या कॅसेट असतात, जुन्या मंडळींकडे एखाद्या मैफलीची आठवण असते आणि नव्या पिढीला ते फार मोठे गायक होते एवढे ठाऊक असते. त्यांच्या गाण्याबद्दल बोलण्याचा अधिकार जाणकारांचा. आम्हाला आज सांगायचे आहे ते त्यांच्या न गाण्याबद्दल, म्हणजे देवासात अंथरुणावर पडून काढलेल्या त्या पाच-सहा वर्षांबद्दल.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावचा, घरची भाषा कानडी. लहानपणीच त्यांच्यात एक विलक्षण शक्ती दिसली. नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका एकदा ऐकल्या की हा मुलगा त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. एका मठाधिपती स्वामींनी त्याला कुमार गंधर्व म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. 1936 मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला तेव्हा वय होते अकरा. मोठमोठे कलावंत ऐकायला बसले होते. त्यानंतर देवधर मास्तरांकडे शिक्षण सुरू झाले. मास्तरांनी मोठे काम केले ते हे की दुसऱ्याच्या गळ्याने गाणाऱ्या या मुलाला स्वतःकडे बघायला लावले. तरीही तारुण्यात कीर्ती इतकी झपाट्याने येत होती की थांबून बघायला सवड कुठून मिळणार? आज या गावी मैफल, उद्या त्या गावी.

1947 च्या एप्रिलमध्ये भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याही देवधर मास्तरांच्याच शिष्या, स्वतः गाणाऱ्या. आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विचारावे. घरात त्या रोगाचे नाव मोठ्याने घेत नसत. कोरड्या हवेसाठी हे जोडपे देवासला आले तो दिवस होता 30 जानेवारी 1948, गांधीजींच्या हत्येचा दिवस.

देवास तेव्हा एक गाव असूनही दोन संस्थाने होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. पवारांच्या दोन शाखांनी गाव वाटून घेतले होते. हद्द गावातूनच जायची. टेकडीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता. त्याच वर्षी संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. गावात संगीताला तोटा नव्हता, उस्ताद रजब अली खाँ देवासचेच. पण नव्याने आलेल्या या गवयाला गायला बंदी होती. वैद्यकीय आज्ञा स्पष्ट होती: गाणे नाही, श्रम नाहीत, पडून राहायचे. चोवीस वर्षांचे वय, आणि ज्या गोष्टीसाठी जन्म तीच वर्ज्य.

अशा वेळी मन काय करते ते आपल्याला ठाऊक आहे. साधा ताप आला तरी आपण पडल्या पडल्या मागच्याच गोष्टी उगाळतो, नाहीतर पुढची काळजी करतो. देवपूजेला बसलो तरी हात फुले वाहतात आणि डोक्यात गॅसचा नंबर लागला की नाही हेच चाललेले असते. कुमारजींकडे उगाळायला तर भरपूर होते, गेलेली कीर्ती होती आणि समोर मरण होते. निराशा त्यांना आली नसेल असे आम्ही म्हणणार नाही, माणूसच होते. पण कधीतरी त्यांचे लक्ष खिडकीबाहेर गेले आणि तिथेच राहिले.

बाहेर काय होते? पाणी भरायला, शेतावर जायला निघालेल्या बायका गात जात होत्या. लग्नघरची गाणी वाऱ्यावर येत होती. पितृपक्षात मुली संजाची गाणी म्हणत होत्या. आपल्याकडच्या भोंडल्याचीच ती बहीण. गवळी, भिकारी, बाजाराला आलेले खेडूत, कोणी ना कोणी गातच असे. जो रियाज करू शकत नाही त्याला ऐकण्याशिवाय दुसरे काम नव्हते, आणि ऐकताना पुढे काय गायचे हा विचार करण्याचेही कारण उरले नव्हते. समोर जे चालले आहे तेवढेच. त्यात त्यांना दिसले की या धुना चार-पाच सुरांतच फिरतात, पण प्रत्येकीची चाल वेगळी, प्रत्येकीत एखादा राग बीजासारखा लपलेला. राग आधी आणि लोकगीत मागून, असे जे सगळे धरून चालतात ते उलटे आहे. जे शास्त्र म्हणून मानाने मिरवते त्याचे माहेर हेच.

इथे आम्हाला आपल्या समाजाबद्दल थोडे बोलावेसे वाटते. पवारांबरोबर आपली घरे अठराव्या शतकात माळव्यात आली. धारच्या किल्ल्यात तर दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. दोनशे वर्षे आपण इथे राहिलो, गणपती बसवले, नाट्यपदे म्हटली, मुलांना मराठी शिकवले. आणि तीच गाणी दोनशे वर्षे आपल्याही खिडकीखालून जात होती. आपल्याला ती कामाला येणाऱ्या बाईची गाणी वाटली. कानडी मुलखातून आलेल्या एका आजारी माणसाने ती ऐकली, शेकड्यांनी लिहून घेतली आणि मग आपल्यालाच ऐकवली. मोठी पाती आणि धाकटी पाती नुसती राजवाड्यात नव्हती, कानातही होती.

दारावरून जाणाऱ्या नाथजोग्यांची भजने हा त्याचाच पुढचा भाग. देवासात शीलनाथ महाराजांची धुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे योगी तिथे राहिले आणि त्यांच्यामुळे नाथपंथी भजनांची परंपरा गावात रुजली. कबीर, गोरखनाथ यांच्या नावाची निर्गुणी पदे तिथे रात्र रात्र चालत. गाणारे एकतारीवर गात आणि कोणी ऐकते आहे की नाही याची त्यांना पर्वा नसे. कुमारजींना या बेपर्वाईनेच धरले असावे. अकराव्या वर्षापासून सभागृहापुढे उभा राहिलेला हा माणूस, आणि त्याला असे गाणे सापडले ज्यात समोर कोणीच नाही. निर्गुण गायचे तर सुराने भोवती शून्य उभे राहिले पाहिजे, अशी त्यांची पुढे धारणा झाली. ज्यात गाणारा आणि ऐकणारा असे दोन उरत नाहीत, ते ते शून्य. हे अद्वैत त्यांनी पोथीतून घेतले नाही. आवाज कुठून येतो आहे, कोणाचा आहे, उंच कुळातला की रस्त्यावरचा, हे विचारणे त्यांनी सोडले, तिथून ते आले.

आता एक खबरदारी. आजार हाच त्यांचा गुरू झाला, असे म्हणायची आपल्याकडे फार हौस आहे. आम्हाला ते पटत नाही. क्षयाने त्या काळी असंख्य घरे उजाड केली, त्यांतून कोणी गंधर्व निघाले नाहीत. कुमारजी वाचले ते स्ट्रेप्टोमायसिन नावाचे नवे औषध तेव्हा मिळू लागले म्हणून, आणि भानुताईंनी शाळेत नोकरी करून घर चालवले म्हणून. त्यांनी स्वतःचे गाणे बाजूला ठेवले. ते शांत ऐकणे ज्या पगारावर उभे होते तो पगार त्या आणत होत्या. 1961 मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर त्या गेल्या. टेकडीच्या पायथ्याच्या घराला त्यांचे नाव आहे, भानुकुल. पुढे वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला आणि त्यांनी अखेरपर्यंत गाण्यातही साथ दिली.

1953 च्या सुमारास कुमारजी पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते. लांब दमाच्या ताना गेल्या. जाणकारांत अजून वाद आहे की त्यांचे छोटे, लखलखीत स्वरवाक्य आणि मधली शांतता ही अपुऱ्या श्वासाची तडजोड होती की निवड. आम्हाला वाटते, ज्याचा प्रत्येक श्वास मोजका आहे त्याच्यासाठी हे दोन प्रश्न वेगळे नसतात. गीतवर्षेसारखे कार्यक्रम, माळव्याच्या लोकधुनांचे कार्यक्रम, धुनांतून उगवलेले नवे राग, 1965 चे अनूपरागविलास हे पुस्तक, देवासशी नाते असलेल्या भा. रा. तांब्यांची गीते, तुकाराम, सूरदास, मीरा, हे सगळे त्यानंतरचे. 1990 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच ते गेले.

संत म्हणून त्यांची पूजा करावी असे त्यांच्यात काही नव्हते. त्यांना बाग आवडे, झोपाळा आवडे, चांगले खाणे आवडे, आणि व्यवस्थितपणाचा हट्ट तर घरच्यांनाच माहीत. पण मैफलीपूर्वी ते तंबोरे लावायला बसत, ते ज्यांनी पाहिले आहे ते त्याबद्दल गाण्याइतकेच बोलतात. घाई नसे. एक तार, मग दुसरी, मणी किंचित सरकवायचा, दोरा जवारीवर केसभर हलवायचा, पुन्हा कान लावायचा. लोक खोळंबलेले असत, कोणी घड्याळ बघे, हळूहळू तेही थांबे. तंबोऱ्याच्या कुठल्याही तारेवर गंधार लावलेला नसतो. पण तारा अगदी नेमक्या मिळाल्या की तो आपोआप उमटतो, कोणी न छेडता. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येईपर्यंत कुमारजी गायला सुरुवात करत नसत.