सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे चरित्र आणि आहारधर्म

खेड्यापाड्यांत महानुभावांची ओळख पुष्कळदा ताटावरून होते. ज्या घरात मांस शिजत नाही, मद्याला थारा नाही, देवीपुढे बकरे कापले जात नाही, ते घर उपदेशी, एवढे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असते. ही ओळख खोटी नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांनी तीच पुरेशी मानल्यामुळे मांस न खाणे हे एक प्रकारचे सोवळे होऊन बसले आहे. ज्यांच्या आज्ञेवरून आपण हा आचार पाळतो त्या सर्वज्ञांनी तो कोणत्या भूमीवर उभा केला, हे त्यांच्या चरित्रातच पाहिले पाहिजे. सूत्रपाठातील आचाराची वचने आणि लीळाचरित्रातील प्रसंग एकत्र वाचले म्हणजे अर्थ उलगडतो. नुसत्या सूत्राने तो उलगडत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

गुजरातेत भडोच येथे विशालदेव नावाचे प्रधान होते. त्यांचे पुत्र हरिपाळदेव. द्वारावतीकार श्रीचांगदेव राऊळांनी आपला देह त्यागून याच हरिपाळदेवांच्या देहाचा स्वीकार केला, ही कथा वाचकांस परिचित आहे. घर वैभवाचे, पत्नी कमळाइसा. द्यूताचा नाद लागला, पुष्कळ द्रव्य हरले, ते फेडण्यासाठी पत्नीजवळ अलंकार मागावे लागले आणि तिने ते दिले नाहीत. संसाराची ही बाजू पाहून त्यांना विरक्ती आली व रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले. वाटेत एकेक करून बरोबरचा परिवार मागे राहिला आणि ते एकटे ऋद्धिपुरास पोहोचले.

तेथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली, ती कोणत्याही मठात किंवा यज्ञमंडपात झाली नाही. शिजवलेले अन्न विकले जाते अशा हाटात श्रीप्रभू क्रीडा करीत होते. हातात शेंगुळे-बुडे, म्हणजे पिठाचे अगदी साधे खाद्य होते. त्यातले काही स्वतः आरोगिले आणि उरलेले समोर उभ्या असलेल्या प्रधानपुत्राकडे टाकले. त्याने तो प्रसाद ग्रहण केला आणि त्यासरशी शक्तीचा स्वीकार झाला. ज्या क्षणापासून आपला मार्ग सुरू होतो, त्या क्षणी मध्ये आहे तो बाजारातील एक घास. तो कोणी शिजवला, कोणत्या ज्ञातीच्या चुलीवर शिजला, याची चौकशी तेथे झाली नाही. आहाराचा विचार करणाऱ्याने ही लीळा विसरू नये.

यानंतरचा काळ एकांकाचा. साळबर्डीच्या डोंगरात स्वामींनी बारा वर्षे काढली असे परंपरा सांगते. पुढे आंध्रदेशापर्यंत त्यांचे अटन झाले. संगतीला कोणी नाही, जवळ काही नाही. याच एकाकी काळातील एक प्रसंग आपल्या आहारधर्माचे मूळ आहे असे मला वाटते, म्हणून येथे थोडे थांबतो.

स्वामी एका झाडाखाली बसले होते. पारध्यांनी एक ससा उठवला होता, मागे कुत्री लागली होती. धावून धावून थकलेला तो जीव थेट स्वामींजवळ आला आणि त्यांच्या गुडघ्याखाली शिरला. कुत्री येऊन उभी राहिली. मागोमाग पारधी आले. त्यांनी सशाची मागणी केली, आणि ती उद्धटपणे केली नाही. हा ससा पैजेचा आहे, त्याच्यावरून आमच्यात सुऱ्या निघतील, म्हणून तो सोडावा, असे त्यांचे विनवणे होते. म्हणजे त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचाही काही एक हक्क होता. स्वामींनी त्यावर शाप दिला नाही, भय घातले नाही, चमत्कार करून दाखवला नाही, मोल देऊन ससा सोडवलाही नाही. शरण आलेल्याला मरण कसे द्यावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मग त्यांनी पारध्यांनाच विचारात पाडले. हे प्राणी रानात राहतात, गवत खातात, झऱ्याचे पाणी पितात, कोणाचे काही घेत नाहीत. त्यांना का मारावे? पारध्यांनी त्या दिवसापासून शिकार सोडल्याचे सांगितले. ते गेल्यावर स्वामींनी गुडघा उचलला आणि थोर पुरुषाला उद्देशून बोलावे तशा आदराने सशाला जाण्यास सांगितले.

ह्या लीळेचे निरूपण करताना बहुधा सशाच्या रक्षणावरच भर दिला जातो. तो योग्यच आहे, पण अर्धा आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हा आपला सिद्धांत. सशाच्या देहात जो आहे तो जीव आणि पारध्याच्या देहात जो आहे तोही जीव. दोघेही अनादि अविद्येने बांधलेले. सशाचे त्या दिवशी मरण टळले. पारध्यांचे काय टळले? हिंसेचे कर्म आणि त्याचे भोगावे लागणारे फळ. म्हणजे गुडघ्याखाली एक जीव राखला गेला आणि गुडघ्यासमोर अनेक. पारधी मांस खाणारे होते, प्राणी मारून जगणारे होते, तरी स्वामींच्या वागण्यात त्यांच्याविषयी तिरस्काराचा लेशही नाही. तिरस्कार असता तर प्रश्न विचारला गेला नसता, आज्ञा झाली असती किंवा पाठ फिरवली गेली असती. प्रश्न त्यालाच विचारतात ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षा असते.

पुढे प्रतिष्ठानला भक्तपरिवार जमू लागला. बाइसा आल्या, नंतरच्या काळात नागदेव, महदाइसा, म्हाइंभट आदी आले. एकांकात जे स्वामींनी एकट्याने आचरले ते आता शिष्यांसाठी आचार म्हणून सांगितले जाऊ लागले. साधकाकडून मुंगीसारख्या क्षुद्र जीवाचाही संसार मोडू नये, इतक्या टोकापर्यंत अहिंसेची आज्ञा त्यांनी नेली. उदाहरणासाठी त्यांनी हत्ती निवडला नाही की गाय निवडली नाही. जिच्या मरणाची कोणी दखलही घेत नाही ती मुंगी निवडली. ही कसोटी लावली तर आपल्यापैकी कितीजण उतरतील हे ज्याने त्याने पाहावे.

त्याच स्वामींनी भिक्षा मात्र चारी वर्णांच्या घरी मागण्यास सांगितले. येथे जिज्ञासूला शंका येते. दारात जे पडेल ते घ्यायचे म्हणावे, तर निषिद्ध वस्तूचे काय? आणि निवडून घ्यायचे म्हणावे, तर भिक्षुकाचे निरपेक्षपण कुठे राहिले? आचाराचा मर्म असा आहे की भिक्षुकाने चवीसाठी निवड करू नये आणि दात्याच्या ज्ञातीवरूनही करू नये. निवड राहते ती एकाच ठिकाणी, जेथे अन्नासाठी प्राण्याचा जीव गेला आहे तेथे. बाकी जे आले ते झोळीत एकत्र होते. गोड, तिखट, शिळे, ताजे असा भेद तेथे उरत नाही. वनस्पतीतही जीव आहे, मग भाजीभाकरीला तरी दोष का नाही, असे विचारणारे भेटतात. दोष अजिबात नाही असे कोणी म्हणू नये. पण घरच्यांसाठी आधीच शिजलेल्या अन्नातून घासभर घेणारा भिक्षुक स्वतःसाठी चूल पेटवीत नाही, शेत कापीत नाही. देह आहे तोवर जितके टाळता येते तितके टाळणे, एवढाच उपाय साधकाच्या हाती उरतो.

एका मातंग भक्ताने आणलेला लाडू स्वामींनी स्वतः आरोगिला आणि भक्तांनाही प्रसाद म्हणून दिला. लोणार येथे यादवराजा कान्हरदेव दर्शनाला आला, त्याने धन ठेवले, त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. याच यादवांच्या दरबारात पंडित हेमाद्री चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत होता. त्याच्या व्रतखंडात कोणत्या तिथीला काय खावे, काय वर्ज्य करावे, कोणाला काय दान द्यावे, याचे अपार विवेचन आहे. दोन्हीकडे वर्ज्यावर्ज्य आहे, परंतु हेमाद्रीच्या मांडणीत अन्न तिथीने आणि खाणाऱ्याच्या अधिकाराने शुद्ध-अशुद्ध ठरते. स्वामींच्या मार्गात विचार केला जातो तो ज्याच्या जिवावर बेतले त्याचा. आपल्याकडील एखाद्या घरात आज निरामिष जेवण असते पण वागणूक हेमाद्रीची असते, हे मला कटू वाटले तरी लिहावे लागते.

काही वर्षांपूर्वी एका गावी प्रसादाच्या पंक्तीत एक गृहस्थ बसले होते. पूर्वी मासेमारीवर पोट भरणारे, नुकताच उपदेश घेतलेले. जाळे विकून टाकले होते, घरच्यांशी वैर पत्करले होते. पंक्तीत कोणी तरी हळूच त्यांना टोकाला सरकण्यास सुचवले, आणि ते सरकले. पान वाढून झाले होते. त्यांनी खाली मान घालून थोडेसे खाल्ले. ज्यांनी सुचवले त्यांच्या सात पिढ्यांनी मांसाला शिवले नव्हते. त्या पंक्तीत ससा वाचवण्यासाठी खरोखर काही गमावलेला मनुष्य तो एकटाच होता. मी त्या दिवशी काही बोललो नाही, याची खंत अजून आहे.

निरामिष आहाराच्या शारीरिक लाभांविषयी वासनिकांकडून विचारणा होते, म्हणून थोडक्यात लिहितो. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हे आपल्या भागातील जुने जेवण. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते, असे आहारशास्त्र सांगते. पालेभाज्या व कोंड्यासकटचे पीठ यांनी कोठा साफ राहतो. बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, ताक घेणाऱ्यांना ते काही अंशी मिळते. म्हातारपणी हातापायांना मुंग्या येणे, अशक्तपणा असे काही जाणवल्यास भिक्षुकांनीही वैद्याला दाखवून घ्यावे. औषध घेण्यात आचाराला बाध येत नाही. परंतु शरीर निरोगी राहते म्हणून मांस सोडावे, असे स्वामींनी पारध्यांना सांगितले नव्हते. हा लाभ आनुषंगिक आहे. आचाराच्या दृष्टीने अधिक मोलाचे हे की साध्या, मितान्नाने विषयांची ओढ मंदावते आणि विजनात बसल्यावर स्मरणाला मन टिकते.

अधिक बिकट प्रश्न गृहस्थांपुढे असतो. नव्या सुनेला सासरी जत्रेचे बकरे रांधावे लागते. नकार दिला तर देव कोपेल, मुलाबाळांना बाधेल, अशी भीती घातली जाते. देवतांची भक्ती सोडून अनन्यपणे परमेश्वराला शरण जाणे हाच उपदेशाचा गाभा असल्यामुळे बळी देणे आपल्याला दोन्ही बाजूंनी वर्ज्य आहे. अशा वेळी भांडणापेक्षा पारध्यांना विचारला तो प्रश्न घरच्यांना विचारून पाहावा. कित्येक घरांत बकऱ्याऐवजी नारळ व पुरणपोळीवर जत्रा होऊ लागली आहे, ती वादविवादाने नव्हे, एखाद्या शांत सुनेच्या किंवा म्हाताऱ्या आईच्या वर्षानुवर्षांच्या आग्रहाने.

हेमाद्री आदींच्या विरोधामुळे स्वामींना अखेरच्या वर्षांत पुष्कळ छळ सोसावा लागला, आणि शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास त्यांनी उत्तरापंथे गमन केले. मागे राहिलेले भक्त नागदेवाचार्यांसह ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानात राहिले. तेथेच म्हाइंभटांनी लीळा जमवण्यास आरंभ केला. ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून ऐकायचे, दुसऱ्याकडे पडताळायचे, आचार्यांना विचारायचे, अशी त्यांची रीत होती. पूर्वार्ध व उत्तरार्धातील लीळांना असे साक्षीदार मिळाले. एकांकातील लीळांना ते मिळणे शक्यच नव्हते, कारण त्या काळी स्वामींजवळ कोणीही भक्त नव्हता. त्या झाडाखाली होते ते पारधी, त्यांची कुत्री आणि ससा. म्हाइंभटांपर्यंत ती कथा आली, कारण भक्तांमध्ये बसून स्वामींनी ती स्वतः सांगितली होती.